जमीन फोडणारं जोडपं : गहुलीचं नाईक घराणं आणि आपल्या घराचा इतिहास

(वाशिम येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



सुरुवातीलाच एक छोटी परीक्षा घेते. मी शिक्षिका होते, त्यामुळे सवय जात नाही. आपल्या पणजोबांचं नाव ज्यांना माहीत आहे, त्यांनी हात वर करा. बरेच हात आहेत. छान. आता पणजीचं नाव ज्यांना माहीत आहे, त्यांनीच हात वर ठेवा.

बघा, किती हात खाली आले. आजचा विषय हाच आहे.

आपल्या भागातल्या प्रत्येक वस्तीला कोणीतरी पहिलं माणूस असतं. त्यानं झुडपं तोडली, जमीन फोडली, विहीर खणली, असं आपण सांगतो. पण एकट्या माणसानं वस्ती होत नाही. तिथं चूल पेटली तर वस्ती झाली. म्हणजे वस्ती करणारं नेहमी एक जोडपं असतं, निदान एक घर असतं. कागदावर मात्र एकटा पुरुष उरतो. ही दुसरी अर्धी गोष्ट कशी गेली आणि ती परत कशी आणायची, हे मी एका सर्वांच्या माहितीतल्या घराण्यावरून सांगणार आहे. ते घराणं म्हणजे गहुलीचं नाईक घराणं.

कोणी म्हणेल, गहुली तर पुसद तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात. मग वाशिमात त्याचं काय? तर १९०५ पर्यंत वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘बासिम’. त्यात वाशिम, मंगरूळ आणि पुसद असे तीन तालुके होते. १९०५ साली तो जिल्हा मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला गेले, पुसद यवतमाळला गेलं. पुढे १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला, पण पुसद तिकडेच राहिलं. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यानं पहिला धडा इथंच घ्यावा. गाव हलत नाही, जिल्हा हलतो. शंभर वर्षांपूर्वीचा कागद शोधायचा तर तेव्हा ते गाव कोणाच्या हाताखाली होतं, ते आधी विचारा.

आता त्या काळात जाऊ.

बंजारा समाजाचा मूळ धंदा वाहतुकीचा. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ देशभर न्यायचं. याला लदेणी म्हणत. तांडा म्हणजे हजारो बैलांचा चालता बाजार, आणि त्याचा प्रमुख तो नायक. मोगलांच्या फौजांना धान्य पोचवलं ते यांनी, आणि १८०३ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेनंही यांच्याच बैलांवर भिस्त ठेवली. बायका, मुलं, बाजा, भांडी सगळं तांड्याबरोबर चाले. घर असं नव्हतंच, किंवा असं म्हणा की घर चालत होतं.

मग हे घर थांबलं का? कारण धंदा गेला. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. सडका झाल्या. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. जे मीठ तांडा महिनोन्‌महिने वाहत होता, ते आगगाडी दोन दिवसांत आणू लागली. लदेणीचा बैल रिकामा झाला.

याच सुमाराला दुसरी एक गोष्ट झाली, आणि तिचा धागा थेट अमेरिकेला जातो. १८६१ ते १८६५ तिथं यादवी युद्ध चाललं. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना. मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाचा भाव वाढला आणि पडीत जमिनीला एकदम किंमत आली. सरकारला जमीन वहितीखाली हवी होती, कारण वहिती म्हणजे सारा. मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले. जंगल-पडीताचे मोठे पट्टे इजाऱ्यानं दिले गेले. आजही आपल्याकडे काही गावांच्या नावापुढे ‘इजारा’ लागतो ना? तो त्याचाच शिक्का.

आता योगायोग बघा. त्याच युद्धाच्या काळात, १८६२ साली, अमेरिकेनं एक कायदा केला. पश्चिमेकडे जा, १६० एकर जमिनीवर हक्क सांगा, पाच वर्षं तिथं राहून ती कसा, आणि जमीन तुमची. लाखो कुटुंबं गेली. त्या पायोनियर जोडप्यांचे वंशज आज आपल्या घराण्याचे इतिहास मोठ्या हौसेनं लिहितात, कारण त्या जमिनीच्या फायली सरकारनं जपून ठेवल्या. पाच वर्षं इथं राहिलो हे सिद्ध करायला शेजाऱ्यांच्या साक्षी लागत, त्यामुळे घर केवढं, विहीर कुठं, किती एकर फोडली, सगळं लिहिलेलं सापडतं. पण त्या कायद्यात मेख होती. अविवाहित बाई किंवा विधवा स्वतःच्या नावानं जमीन मागू शकत होती. नवरा असलेली बाई सहसा नाही. म्हणजे जी बाई नवऱ्याबरोबर गेली, राबली, तिथंच बाळंत झाली, ती फायलीत ‘पत्नी’ म्हणून उरली.

आणखी एक सांगायला हवं. ती जमीन रिकामी नव्हती. तिथं मूळ अमेरिकन लोक राहत होते, त्यांना हुसकावून ती ‘मोकळी’ केली. आपल्याकडच्या डोंगराळ पट्ट्यातही आंध, गोंड, कोलाम ही माणसं आधीपासून होती. ‘आमच्या पूर्वजांनी पहिल्यांदा जमीन फोडली’ असं लिहिताना, पहिल्यांदा म्हणजे कोणाच्या नंतर, हा प्रश्न स्वतःला विचारावा. इतिहास लिहायचा तर तेवढा प्रामाणिकपणा लागतो.

आता गहुली.

घराण्याचं मूळ आडनाव राठोड. त्यांचे पूर्वज चतुरसिंग राठोड आपल्या तांड्यासह आले आणि गहुलीला स्थिरावले. तांड्याचे प्रमुख म्हणून ते नाईक. पुढे हे पदच आडनाव झालं. इथं दुसरा धडा. आपल्याकडे आडनाव बदलतं. पाटील, देशमुख, नाईक, कुळकर्णी ही पदं आहेत. जुन्या कागदात ‘नाईक’ शोधाल तर कदाचित काही मिळणार नाही, ‘राठोड’ शोधाल तर मिळेल.

हे कधीचं? याच घराण्यात वसंतराव जन्मले १ जुलै १९१३ ला. त्यांचे वडील फुलसिंग गहुलीतले प्रस्थ असलेले शेतकरी. म्हणजे वस्ती त्याच्याही आधीची. एका पिढीला साधारण पंचवीस वर्षं धरा आणि मागं मोजत जा. आपण रेल्वेच्या आणि कापसाच्या त्याच काळाजवळ पोचतो. तारीख मिळाली नाही तरी काळ असा मिळतो. हा तिसरा धडा.

आता डोळ्यांपुढे आणा. चालता तांडा थांबला आहे. पुरुषांना बैल कळतात, वाटा कळतात, पाणी कुठं लागेल ते कळतं. पण शेती नवी. पळसाची झुडपं खणायची, कुंदा आणि काशी काढायची, वखर धरायचा. ज्वारी, तूर, कापूस. पहिल्या वर्षी किती पिकणार? मग घर चाललं कशावर?

इथं बाई येते. शेळ्या तिच्या. पाणी तिचं. मोहाची फुलं, डिंक, चारोळी, रानभाज्या तिच्या. बियाणं राखेत घोळून मडक्यात जपणं तिचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंगावरची चांदी तिची. बंजारा बाईच्या दागिन्यांचे फोटो आपण कौतुकानं काढतो. चालत्या तांड्यात बँक नव्हती, तिजोरी नव्हती. घराची शिल्लक बाईच्या अंगावर चालायची. तांडा थांबला आणि बियाण्याला पैसा लागला, एखादा बैल मेला, साऱ्याचा हप्ता आला, की सावकाराच्या दुकानात काय जायचं? कडं जायचं. अशा कितीतरी वस्त्यांची पहिली भांडवलदार बाई आहे, आणि तिच्या भांडवलाची पावती कुठंही नाही.

आता मी सुरुवातीचाच प्रश्न पुन्हा विचारते. चतुरसिंगांचं नाव तुम्ही ऐकलंत. त्यांच्या पत्नीचं नाव या सभागृहात कोणी सांगेल?

शांतता आहे.

पुढची पिढी घ्या. फुलसिंग आणि होनुबाई. इथं नाव मिळतं. का मिळतं? कारण त्यांचा मुलगा मुख्यमंत्री झाला, चरित्रं लिहिली गेली, आणि चरित्रात ‘आईचे नाव’ लिहावं लागतं. म्हणजे मुलगा मोठा झाला म्हणून आईचं नाव टिकलं. ज्यांचे मुलगे मुख्यमंत्री झाले नाहीत, त्या आयांचं काय?

पण फुलसिंग-होनुबाईंच्या पिढीचं काम लहान नव्हतं. गहुलीत शाळेची सोय नव्हती. मुलगा आजूबाजूच्या वेगवेगळ्या गावांत शिकला, मग अमरावती, मग नागपूर. १९३८ साली मॉरिस कॉलेजातून बी.ए., १९४० साली वकिली. त्या काळात तांड्यातला मुलगा घरापासून इतका लांब ठेवायचा, हा आईबापांचा निर्णय होता. पहिल्या पिढीनं जमीन फोडली, दुसरीनं पाटी फोडली म्हणा. शेताला हात हवे असताना दोन हात शाळेत पाठवणं हेही नवी जमीन तोडण्यासारखंच.

तिसरं जोडपं वसंतराव आणि वत्सलाबाई. वत्सला घाटे नागपूरच्या ब्राह्मण घरातल्या. १९४१ साली दोघांनी लग्न केलं. विरोध दोन्हीकडून झाला. नागपूरची शिकलेली मुलगी पुसदला आली, तांड्याच्या घरात सून झाली. तिला भाषा नवी, रीत नवी, आणि मागं परतायची वाट सोपी नव्हती. पहिल्या जोडप्यानं जंगलाची हद्द ओलांडली, तिसऱ्यानं जातीची. कोणती हद्द जास्त कठीण, तुम्हीच ठरवा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९४६ साली वसंतराव पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ ते मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात राज्यात कृषी विद्यापीठं झाली, संकरित ज्वारी शेतात गेली, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं उभी राहिली. १८ ऑगस्ट १९७९ ला ते गेले. त्यांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. पुतणे सुधाकरराव गहुलीचे सरपंच होते, १९९१ ला मुख्यमंत्री झाले, आणि जलसंधारणाचं काम हा त्यांचा ध्यास होता. पाण्याच्या शोधात थांबलेल्या तांड्याच्या वंशजानं पाणी अडवायला सांगावं, यात मला घराण्याची आठवण बोलताना दिसते.

तीन पिढ्या बघा. पहिल्या पिढीतल्या बाईचं नाव आपल्या ओठांवर नाही. दुसरीचं नाव आहे, गोष्ट नाही. तिसरीचं नाव आहे आणि थोडी गोष्टही आहे. प्रसिद्ध घराण्यात ही अवस्था, तर आपल्या घरांत काय असेल?

म्हणून आता आपल्या घराकडे येऊ. कुठं शोधायचं?

पहिली जागा तलाठ्याकडचे कागद. सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण सातबारा हा निकाल आहे. खटला वाचायचा असेल तर फेरफार वाचा, म्हणजे गाव नमुना सहा. कोणी वारला की वारसनोंद होते. त्यात मुलगे, मुली, विधवा, सगळ्यांची नावं येतात. विशेषतः १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. कितीतरी बायकांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर येतं ते इथं, नवरा किंवा बाप गेल्यावर.

आणि लगेच पुढचा फेरफार वाचा. हक्कसोड. बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडला. एका नोंदीनं नाव आलं, दुसऱ्या नोंदीनं गेलं. मध्ये कधी कधी महिन्याभराचंही अंतर नसतं. माझ्या आजीचं नाव मला असंच सापडलं. तिच्या बापाच्या शेताच्या वारसनोंदीत ती होती, चार बहिणींत तिसरी. त्यापुढच्या नोंदीत चौघींचे अंगठे, आणि नंतर सातबाऱ्यावर फक्त मामा. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले. आजीनं कधी तक्रार केली नव्हती. पण तिच्या तीन बहिणींची नावं मला त्या अंगठ्यांमुळे कळली, एरवी कळलीच नसती.

दुसरी जागा कोतवाल बुक. विदर्भातल्या गावांच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागता येते. त्यात बापाचं नाव आणि जात असते, त्यामुळे जात पडताळणीसाठी लोक ती धुंडाळतात. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांची घरंच चालती होती, त्यांच्याकडून राहण्याचा पुरावा मागायचा, हे किती अवघड जातं ते तांड्यातल्या माणसाला विचारा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हाही त्यासाठीच जपायचा कागद. म्हणजे घराण्याचा इतिहास हा हौसेचा विषय वाटतो, पण एखाद्या नातवाचा प्रवेश किंवा नोकरी त्याच्यावर अडलेली असते.

तिसरी जागा भाट आणि ढाडी. त्यांच्या मुखात वंशावळी असतात. त्या ऐका, रेकॉर्ड करा. पण वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे लेकीसुना तिथं सहसा गळतात. प्रत्येक नावाला विचारा, याची बायको कुठली, माहेर कोणतं, गोत्र कोणतं. माहेर कळलं की बाई सापडते.

चौथी जागा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात लवकर बंद होणारी. म्हाताऱ्या बायका. तारखा विचारू नका, त्या गोंधळतात. विचारा, तुमचं लग्न झालं तेव्हा घरात बैल किती होते? सासूला काय म्हणत? तिचं बाळंतपण कुठं झालं? पहिली विहीर कोणत्या सालात, दुष्काळाच्या आधी की नंतर? बंजारा घरात लेक सासरी निघताना ढावलो गाते. त्यात आईबाप, भाऊ, तांडा, सगळ्यांना हाक असते. त्या गाण्यांबद्दल विचारा. नावं आपोआप येतील.

मी हे सगळं लोकांना शिकवते, पण स्वतः चुकले आहे. माझी आजी होती तोवर मी तिला फक्त आजोबांबद्दल विचारत राहिले. तिच्याबद्दल विचारायचं सुचलं, तेव्हा ती नव्हती. अंगठा मिळाला, आवाज नाही मिळाला.

शेवटचं सांगते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं, मग आडनाव. म्हणजे आज वाशिमच्या दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची पणतू आपल्या पणजीचं नाव सहज सांगेल. पुढची सोय कायद्यानं केली. मागची सोय कायदा करू शकत नाही. ती आपल्याला करायची आहे. घरी गेल्यावर एका कागदावर पाच बायकांची नावं लिहा. आई, आजी, दुसरी आजी, आणि दोन पणज्या. जिथं पेन थांबेल, तिथून तुमचं काम सुरू.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे जमीनच नव्हती. आजोबा-आजी दोघं मजुरीवर. मग सातबारा, फेरफार काही नाही. आम्ही कुठं बघायचं?

फार चांगला प्रश्न आहे दादा, आणि निम्म्या वऱ्हाडाचा हाच प्रश्न असेल. कोतवाल बुकात जमीन लागत नाही, जन्म पुरतो. शाळेचं रजिस्टर बघा. जुन्या मतदार याद्या बघा. पण तिथंही एक गोष्ट लक्षात ठेवा. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. ते जास्त करून उत्तरेकडच्या आणि मध्य भारतातल्या राज्यांत झालं. पण ती सवय आपल्याकडेही होतीच. म्हणून कागद नसेल तर तोंडी पुरावा आजच लिहून ठेवा. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, तारीख टाका. पन्नास वर्षांनी तोच कागद होईल.

प्रश्न : पणजीचं नाव कोणालाच आठवत नसेल तर वंशावळीत काय लिहायचं? जागा सोडून द्यायची का?

नाही ताई. रेघ ओढा आणि चौकट रिकामी ठेवा. शेजारी जे माहीत आहे ते लिहा : माहेर अमुक गावचं, इतकी मुलं, अमुक दुष्काळात कडं मोडलं. रिकामी चौकट दिसली की पुढचा कोणीतरी भरेल. चौकटच काढली नाही, तर तिथं कोणी बाई होती हेच कोणाला कळणार नाही.